किशोरभाईंचा कॉम्प्युटर

२०२२ च्या फेब्रुवारीत दिलसुखनगरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार रितेश हणमंतरावांना पुन्हा पुन्हा तेच समजावत होता.

“नक्को काका, नुसतं कार्ड नक्को. ग्राफिक्स कार्ड नवं आणि प्रोसेसर जुना, म्हणजे गेम अडकत चालतंय. दोन्ही बदला, नाहीतर राहू द्या.”

“कुठला प्रोसेसर घेऊ?”

“ते आतला मदरबोर्ड बघून सांगतो. कॉम्प्युटरचा डबा घेऊन या की. नातवासाठी आहे ना?”

“मलाच खेळायचंय,” बहात्तर वर्षांचे हणमंतराव म्हणाले.

रितेशने त्यांच्यासाठी चहा मागवला.

कॉम्प्युटर मुळात त्यांच्या मुलाचा, विक्रमचा. पाच वर्षांपूर्वी बँकेची नोकरी सोडून विक्रम कॅनडात गेम तयार करणाऱ्या कंपनीत गेला. “गेम खेळून कुणाचं पोट भरलंय?” असं हणमंतराव म्हणाले आणि निरोपाच्या वेळी खोलीबाहेर आलेच नाहीत. तेव्हापासून विक्रम फोन करायचा तो फक्त आईला, तारामतीबाईंना. शेवटी विचारायचा, “ते बरे आहेत ना?” त्या म्हणायच्या, “बरे आहेत.” झालं.

त्यांच्याकडूनच एकदा कळलं की, विक्रम रोज तिकडच्या रात्री, म्हणजे आपल्याकडच्या सकाळी सातला, एक गेम खेळतो. दोघातिघांनी मिळून नदीकाठी गाव वसवायचं, असा काहीतरी. शेजारच्या त्रिवेणीने हणमंतरावांना तो शिकवला. गेममध्ये त्यांनी नाव घेतलं किशोर. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेल्या माणसाला कालवे कुठून काढावेत हे कुणी सांगायला नको होतं. महिन्याभरात विक्रमने स्वतःहून त्यांना आपल्या गावात घेतलं.

“किशोरभाई, आज उशीर?” तो लिहायचा.

“नळाला पाणी आलं होतं,” हणमंतराव एकेक अक्षर शोधून लिहायचे.

मलकपेठेतल्या त्या घरात सकाळचा तो अर्धा तास सणासारखा झाला होता. आणि आता गेमची नवी आवृत्ती येणार होती. जुन्या मशीनवर ती चालणार नव्हती.

“सांगून टाका ना त्याला, मी तुझा बाप आहे म्हणून,” तारामतीबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. “किशोर म्हणे! या वयात!”

“आणि तो उठून गेला तर?”

तारामतीबाईंनी मेथीची पुढची जुडी सोडली.

दुसऱ्या दिवशी हणमंतरावांनी गेममध्येच विक्रमला विचारलं, मशीन जुनं आहे, काय बदलू?

“बोर्ड कुठला आहे?” त्याने उलट विचारलं.

हणमंतरावांचा हात थांबला. बोर्ड त्याने स्वतः निवडलेला. नाव लिहिलं की कळणार. ते उठले, शेजारी जाऊन त्रिवेणीच्या नव्या मशीनच्या बोर्डाचं नाव विचारून आले आणि तेच लिहिलं. बोर्ड म्हणजे बोर्ड. त्यांच्या लेखी सगळे सारखेच.

उत्तर यायला जरा वेळ लागला.

“किशोरभाई, प्रोसेसर आय-सेव्हन, सहा हजार सातशे नंबरचा घ्या. जुना वापरलेला चालेल. कार्ड सोळाशे पन्नास. त्याला वेगळी वायर लागत नाही, म्हणजे पॉवर सप्लाय बदलायला नको. आणि डबा स्वतः उचलू नका, जड असतो. कुणाला तरी सोबत न्या.”

त्रिवेणीच्या मदतीने डबा ऑटोत चढवून ते दुकानात गेले. विक्रमने सांगितलेले भाग रितेशने बसवले, मशीन सुरू केलं. पडद्यावर गावची नदी लखलखली. पाण्यात झाडांच्या सावल्या हलत होत्या. त्या हणमंतरावांनी तोवर कधी पाहिल्याच नव्हत्या.

“हौ काका, एकदम बरोबर बसलं!”

“देव त्या पोराचं भलं करो,” म्हणत हणमंतरावांनी डोळे पुसले.

पुढे त्रिवेणी नोकरीसाठी पुण्याला गेली. तारामतीबाई आता सातच्या सुमाराला कुकर लावत नाहीत. शिट्टीने खेळात व्यत्यय नको. विक्रम कंपनीत बऱ्यापैकी वर चढलाय. फोन अजून आईलाच करतो, पण आता विचारतो, “बाबा बरे आहेत ना?” हणमंतराव अजून किशोरच आहेत. रितेशने चिक्कडपल्लीला दुसरं दुकान काढलं. गेल्या दिवाळीत हणमंतराव तिथे माऊस घ्यायला गेले.

“काका, ते पार्ट कुणी सांगितले होते हो तुम्हाला?”

“गेममधला एक मुलगा. त्याला काय माहीत मी कोण!” हणमंतराव हसले. “मी तर त्याला बोर्डसुद्धा खोटाच सांगितला होता, शेजारच्या मुलीचा.” त्यांनी त्या बोर्डाचं नाव सांगितलं.

बिल करता करता रितेशने मान वर केली.

“कायकू मजाक करता काका? त्या बोर्डावर तो प्रोसेसर बसतच नाही, तुमच्या जुन्या बोर्डावरच बसतो. सांगणाऱ्यानं तुमचा डबा आतून बघितला होता.”