नवं तोंड

वैशाखरे गावाच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या आधी, रस्त्याच्या कडेला नऊ गाड्या तिरप्या ओळीत उभ्या होत्या. किशोरने आपली पिवळी गाडी दहावी लावली. बंद करायच्या आधी उगाच एकदा गुरगुरवली आणि आईकडे बघून हसला.

"आये, आता बघ. उठून येतील सगळे. आज मनापन ओळीत घेतील, वर घाटात."

सकुबाई लुगडं सावरून बसली. त्या गाडीत बसणं म्हणजे भुईवर पाय पसरून बसण्यासारखंच होतं. बाहेरची माणसं तिला कंबरेपर्यंतच दिसत, चेहरे बघायला मान वर करावी लागे.

चहाच्या टपरीवरून सगळे खरंच उठून आले.

दोन महिन्यांपूर्वी किशोर ही गाडी घेऊन इथे पहिल्यांदा आला, तेव्हा कोणी आलं नव्हतं. सगळे एका फोनभोवती गोळा झाले होते. फोनमध्ये याच गाडीचं कंपनीने काढलेलं नवं रूप होतं: गोल दिव्यांच्या जागी चिरल्यासारखे बारीक डोळे, खाली मोठा काळा जबडा. त्यावर ती माणसं अर्धा तास हातवारे करून बोलत होती. किशोर लांबूनच बघत राहिला. माणसं ज्याच्याभोवती एवढी गर्दी करतात, ते त्यांना आवडलेलंच असणार, असं त्याने धरलं. जवळ जाऊन विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी कल्याणच्या एका गॅरेजात नेली आणि तिचं तोंड बदलून घेतलं. मोठ्या रस्त्यात गेलेल्या भाताच्या खाचरांच्या भरपाईतून गाडी घेऊन जे काही हातात उरलं होतं, ते तिथे गेलं.

"आयला!" भाविक नावाचा उंच पोरगा पहिला पोचला. "हे काय केलंस भाई?"

"नवीन तोंड लावलं," किशोर म्हणाला. "तुमच्या फोटोत होतं ना? तसंच."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"अरे, त्या फोटोला आम्ही शिव्या घालत होतो!"

"बेडूक गिळलेला साप दिसतो तो."

"कंपनीने वाट लावली म्हणून आमचे काका दोन दिवस धड जेवले नाहीत," भाविक म्हणाला, "आणि तू पैसे देऊन लावून आलास?"

पिकल्या केसांचे ते काका मात्र हसले नाहीत. ते गाडीसमोर उकिडवे बसले. बोनेटवर बोटांनी टकटक केली. जबड्याच्या कडेच्या फटीत नख घालून बघितलं, दिव्याच्या काचेवर अंगठा फिरवला.

सकुबाईला ते बसणं ओळखीचं होतं. म्हसा गावच्या जत्रेत बैल घेणारे असेच समोर बसायचे. एक जण शिंगांच्या बुडाशी नख लावायचा, दुसरा ओठ वर करून दात बघायचा. शिंगं साळून तरणा केलेला बैल त्यांना चटकन कळायचा. मग माणूस काही न बोलता हात झटकून उठायचा, विकणाऱ्याकडे बघायचासुद्धा नाही. तिचा नवरा कमळू एकदा असा बैल दाव्याला धरून दिवस मावळेपर्यंत उभा होता. बैल चांगला होता, नांगराला सरळ चालायचा. पण जत्रेत सगळेच तसं करतात म्हणून कमळूने आदल्या दिवशी त्याची शिंगं साळली होती.

काका हात झटकून उठले.

"फायबर आहे. जुनं तोंड कुठे आहे? ते गोल दिवे?"

"गॅरेजवाल्यानं ठेवून घेतले. म्हणाला, भंगार आहे."

काकांनी डोळे मिटले. "अरे बाबा, ते दिवे आता बनत नाहीत. मूळचा रंग, मूळचे दिवे. या नऊ गाड्यांत तशी एकही नव्हती. त्या दिवशी आम्ही तुझीच गाडी दाखवत होतो एकमेकांना. म्हटलं, फोटोतली ही बघा, आणि ती समोर उभी आहे ती बघा."

"मग सांगाचा ना मना," किशोर म्हणाला. इतका वेळ जपून बोलत होता, आता घरची बोली निसटली. "मी तितंच तं उभा होतो."

"तू विचारायचंस की, भाई."

सकुबाईने उघड्या काचेतून मान बाहेर काढली. "तुमी एवढी मान्सं होतात. एकानंपन त्याला हाक नाय मारली?"

काका आपल्या गाडीकडे वळले. भाविकने घड्याळ बघितलं.

"चला, ऊन चढतंय. ग्रुप फोटो घेऊ आणि निघू. भाई, तुझी गाडी जरा मागे घे ना. फोटोत येतेय."

किशोरने गाडी मागे घेतली, टपरीच्या पार पलीकडे.

"चल रे घरी," सकुबाई म्हणाली.

"थांब गो आये. फोटो झाला का निघतील. मागनं जाऊ आपन."

"आणि हे बघ," भाविकने लांबून आवाज दिला, "फोटो तूच काढ ना! आम्हाला सगळ्यांना त्यात यायचंय."

किशोर पळत गेला. दुसऱ्याचा महागडा फोन त्याने दोन्ही हातांनी धरला.

"अजून मागे."

तो मागे सरला.

"अजून थोडा. नऊच्या नऊ आल्या पाहिजेत."

तो सरत सरत कोरड्या ओहोळाच्या काठाशी पोचला. त्याला ओरडून सांगावं म्हणून सकुबाई उतरू गेली. पण त्या गाडीचं दार आतून कसं उघडतात, हे तिला अजून जमत नव्हतं. ती नुसतीच चाचपडत राहिली.

काठावरची माती किशोरच्या टाचेखालून थोडी ढासळली. त्याने तोल सावरला. फोन मात्र हलू दिला नाही.

"हसा," तो त्यांना म्हणाला.

ते आधीपासूनच हसत होते.