दाबलेला खोकला

कड्यावर पालथा पडून वाटाड्या दुर्बिणीतून रानबकऱ्यांचा कळप बघत होता. तासाभराने कळप कुठे जवळ येतोय, तोच मागून पुन्हा मेहुण्याचा खोकला!

वाटाड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मान वळवली असती, तर कळप उधळला असता.

"बायकोचा भाऊ आहेस म्हणून, नाहीतर इथूनच ढकलून दिलं असतं," तो दातओठ खात कुजबुजला. "तोंड दाब आणि गप पडून राहा."

खोकला थांबला. तरीही बकऱ्या त्याच्या पाठीमागे टक लावून बघत राहिल्या आणि एकदम दरीत उधळल्या.

चरफडत त्याने दुर्बीण त्यांच्यामागे खाली वळवली. खाली तंबूपाशी मेहुणा आत्ता कुठे बुटाच्या नाड्या बांधत होता.

मागे, अगदी कानाशी, कुणीतरी मुकाट्याने खोकला दाबत होतं.