आठ रविवार

नारायणराव देवाचा करार लिहीत होते. संध्याकाळी खंडोबा अणदूर सोडून नळदुर्गला निघायचा होता. दरसाल पावणेदोन महिने देव तिकडं राहतो आणि जाण्यायेण्याचा रीतसर कागद होतो. त्याची पक्की प्रत लिहायला नारायणरावांकडं यायची. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं.

ओसरीसमोर मोटरसायकल थांबली. हवालदार रणधीरनं मागं बसलेल्या विरेशला मनगट धरून उतरवलं. मागून त्याची आई, लक्ष्मम्मा, पायी धापा टाकत आली. नैवेद्याचं पीठ हाताला तसंच होतं.

"सर, जुनं वॉरंट निघालंय," रणधीर म्हणाला. "चार वर्षांमागं ह्यानं मोटरीची केबल चोरली हुती, तवाचं."

"त्याला शिक्षा झाली होती ना?"

"झाली की. तवा सोळाचा हुता. बाल न्याय मंडळानं सांगितलं, वर्षभर दर रविवारी खंडोबाचं आवार झाडायचं. हजेरीची वही तुमच्याकडं हुती. वहीत आठ रविवार गैरहजर. अटी मोडल्या म्हणून देखरेखीच्या अधिकाऱ्यानं मंडळाला कळवलं. नोटीस आली तवा ह्यो पुण्यात हाटेलात भांडी घासत हुता. जत्रंला गावात आला आन् घावला."

"म्या गैरहजर नव्हतो," विरेश म्हणाला. "देव नळदुर्गला गेला, म्हणून म्याबी तिकडं झाडाय गेलो. देव जिथं, झाडू तिथं, आसंच समजलो. आठी रविवार तुमी तिथं दर्शनाला हुता, सर. तुमच्या चपला म्याच राखत हुतो."

नारायणरावांनी पेनाला टोपण लावलं. "वही अणदूरची. इथं हजर तो हजर. तिथलं मी कशात लिहिणार?"

रणधीरनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आता लिहा, सर. नळदुर्गला झाडताना पाहिलं, एवढी एकच ओळ. ठाण्यात साहेबास्नी दावतो. मग ह्याला आज घरी सोडतो. सोमवारी आपल्या पायानं मंडळापुढं हुबा ऱ्हाईल."

"खाली सही कुणाची?"

"तुमचीच की."

"मग मंडळ मला बोलावणार. पाहिलं होतं तर गैरहजर का लावलं, म्हणून विचारणार. नको बाबा. मी पेन्शनर माणूस. ह्यात माझं नाव नको."

ते रविवार गैरहजर मात्र त्यांनीच लावले होते. लाल शाईनं, आठही, पट्टी धरून.

"आज शनवार," लक्ष्मम्मा म्हणाली. "सोमवारपत्तुर पोरगं कुठं ठिवता?"

"कोठडीत, मावशी. पोरांच्या सुधारगृहात आता घेत न्हाईत. गुन्हा सोळाचा, पर मिशा विसाच्या." रणधीर आपल्याच बोलण्यावर हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

"कोठडीत कोण हाय?"

"दोघं हायत. खुनातले."

लक्ष्मम्मा ओसरीची पायरी चढली. तिला वाचता येत नव्हतं. कागदाकडं बोट करून तिनं विचारलं, "ह्यात काय लिव्हलंय, सर?"

"देवाचा करार."

"मंजी दोन म्हैने देव हितं नसणार."

"नसणार. दरसालचंच आहे."

"मग त्याचीबी गैरहजेरी लावा की."

नारायणरावांनी वर पाहिलं नाही. त्यांना तिचं पिठानं माखलेलं बोट दिसत होतं. "हात लावू नकोस," ते म्हणाले. "स्टँपचा कागद आहे. डाग पडेल."

"अव्वा, चल," विरेश आईला म्हणाला आणि स्वतःच मोटरसायकलवर जाऊन बसला. रणधीरनं किक मारली. लक्ष्मम्मा गाडीमागं चालत निघाली.

कागदाच्या कोपऱ्यावर थोडं पीठ सांडलं होतं. नारायणरावांनी ते फुंकरीनं उडवलं, टोपण काढलं आणि मोत्यासारख्या अक्षरात पुढचं कलम लिहिलं : जातायेता देवास कसलीही तोशीस पडू नये.