डाव्या हाताची तलवार

नायकानं तलवार उपसली आणि आक्काताई दचकली. त्यानं ती उजव्या हातानं उपसली होती.

असं कसं? तिनं डोळे चोळले. घोडा तोच, काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. मिशी तीच. गाणं सुरू झालं तर पुढची ओळ तिच्या ओठावर आधीच तयार. सगळं तेच, आणि हात तेवढा दुसरा! पलीकडं सासू, चिमणाबाई, पडद्याकडं टक लावून बसलेली. दोघींच्या मधे तिची सात वर्षांची लेक वैजू. वैजूचा डावा हात जुन्या लुगड्याच्या काठानं कमरेला बांधलेला होता. त्या हातासाठीच तर तिघी थेटरात आल्या होत्या.

पोर डावरी. जेवायला डावा, पाटीवर डावा, देवाला फूल वाहायलाही डावाच. आठ दिवसांपूर्वी चिमणाबाईनं तो बांधून टाकला. "जूनात शाळा हाय. मास्तर बोटं फोडून काढंल. त्यापरास आत्ताच वळण लागू दे," असं तिनं शेजारणींसमोर ठणकावलं होतं. आणि एकदा बोललेलं ही बाई मागं घेत नाही, हे मंगळवार पेठेत सगळ्यांना ठाऊक. वैजू उजव्या हातानं जेवायची तर आमटीचा ओघळ कोपरापर्यंत. चार घास कसेबसे गिळून उठायची. आक्काताईचं काळीज तुटायचं, पण बोलायची कुणाची टाप? नवरा बाहेर वाघ आणि आईपुढं मांजर.

परवा मात्र सासूपुढं तिच्या तोंडून निघून गेलं, "आत्ती, डावरं असणं एवढं वंगाळ, तर तो सिनेमातला तलवारवाला कसा चालला समद्यास्नी? डाव्या हातानंच लोळवायचा की दहा-दहा जणांस्नी!"

लहानपणी कुरुंदवाडला तंबूत तिनं तो सिनेमा पाच वेळा पाहिला होता. बैलगाडीवरचा भोंगा गल्लीतनं ओरडत गेला की ती आईचा पदर सोडायची नाही. गाण्यांची चोपडी आणायची आणि थोरल्या भावाकडनं वाचून घ्यायची. बाभळीची फांदी डाव्या हातात धरून म्हशीवर बसायची, तेव्हा सगळं कुरुंदवाड तिचंच राज्य असायचं. वैजूनं पहिल्यांदा डाव्या हातानं खुळखुळा उचलला, तेव्हा खरं सांगायचं तर ती हरखली होती.

आता सासू भडकणार, असं तिला वाटलं. पण चिमणाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "लागलाय न्हवं तो, सकाळच्या खेळाला? चल. डावरा निघाला तर सोडतो पोरीचा हात. न्हाय निघाला तर पुन्यांदा ह्यो विषय काढायचा न्हाय. पैज!"

वीस वर्षं थेटराची पायरी न चढलेली बाई! आक्काताईला वाटलं, अंबाबाईच पावली.

आणि आता हे. सिनेमा दुसराच आहे का? नट बदलला? का आपलंच डोकं फिरलं? कड्यावरनं उडी मारताना तो डावीकडं झेपावायचा, तो उजवीकडं झेपावला. राणीचा तीळसुद्धा पलीकडच्या गालावर गेला होता. बाईचा तीळ कधी गाल बदलतो होय? लेकराचा हात आपल्या खुळ्या आठवणीवर पणाला लावून बसलो, या विचारानं तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

मध्यंतर झालं तशी ती दारावर तिकिटं फाडणाऱ्या दस्तगीरचाचांकडं धावली. वैजूला घेऊन चिमणाबाईही मागोमाग आली.

"चाचा, ह्यो त्योच सिनेमा हाय का, तंबूतला?"

"त्योच की. आठ वर्सं तंबूबरोबर हिंडलोय मी, वळखत न्हाय व्हय?"

"मग ह्यो डावरा हुता! माझ्या डोळ्यांनी बघितलाय, कुरुंदवाडात!"

चाचांनी टोपी मागं सारून डोकं खाजवलं. मग त्यांना हसू आवरेना. "ताई, तंबूत तुमी बायकांत बसला हुतासा न्हवं? पडदा मधी. मशीन आन् गडीमाणसं अल्याड, बायका पल्याड. तुमी समदा सिनेमा मागनं बघितलाय! मागनं उजव्याचं डावं दिसतंय. नावंबी उलटी दिसली असत्याल की."

नावं उलटी होती खरी. पण तिला तेव्हा सुलटी तरी कुठं वाचता येत होती?

आक्काताई भिंतीला टेकली. म्हणजे तो डावरा कधी नव्हताच. सगळं बालपण ती पडद्याच्या पाठीमागच्या माणसावर जीव टाकत आली होती. आणि पैज गेली ती गेलीच. वैजूच्या तोंडाकडं बघायचा धीर तिला होईना. तिनं मान खाली घातली.

"आत्ती, हारलो मी."

तिनं वर बघितलं, तर चिमणाबाई खाली बसून वैजूच्या कमरेची गाठ सोडत होती. गाठ निघेना, तर तिनं दात लावले. काठ सुटला. पोरीनं मनगट चोळलं आणि आजीच्या गळ्यात हात टाकला.

आक्काताई पार गोंधळली. "आत्ती, ह्ये काय? पैज तर तुमी जिंकलासा की!"

"गप गं," चिमणाबाई म्हणाली. "शिरोळच्या जत्रंत, तंबूत मी बी बायकांतच बसलतो. मला बी त्यो डावराच ठावं हुता. हरायचं म्हणूनच पैज लावलती मी."