कोऱ्या कार्डावरचा आवाज

आईची दृष्टी गेली तेव्हा बाबांनी तिला औषधांच्या वेळा सांगणारा बोलका डबा करून दिला. वीज जाऊन आली की डबा जागा व्हायला दोन मिनिटं घ्यायचा आणि मग बाबांनी भरून ठेवलेले दोनच शब्द यायचे, "उठलो गं." बाबा गेल्यापासून ती दोन मिनिटं आईचा जीव टांगणीला लागायचा.

डबा लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालायचा आणि लेक त्याचंच काम करणारी. तिने डबा सुरू करणारी जुनी यंत्रणा काढून चपळ नवी घेतली आणि सगळं कोऱ्या मेमरी कार्डावर पहिल्यापासून बांधलं. कार्ड डब्यात सरकवलं मात्र, तिला आठवलं. बाबांचा आवाज त्यात घालायचाच राहिला होता!

"आई, थांब जरा..."

"अगं, किती थांबायचं माणसाने?" म्हणत आईने चाचपडत स्वतःच बटण दाबलं.

चार सेकंद गेले. डबा खाकरला.

"उठलो गं."

आईने भक्तिभावाने हात जोडले. "ऐकलंस? उगाच घाबरतेस!"

लेकीने मूठ उघडली. जुनं कार्ड तिच्या तळहातावरच होतं.

"या वेळी लवकर उठवलंस, पोरी," डबा म्हणाला.