घरच्या घरी क्रोसाँ

"क्रोसाँसाठी पिठाच्या घड्यांवर घड्या घालत बसायची गरजच नाही," बायको मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघून हसत सांगत होती. "फ्रीजरमधलं घट्ट बटर मैद्यात किसून टाका, एकदा लाटा, गुंडाळा, झालं. पदर आपोआप सुटतात. माझ्या नवऱ्यालासुद्धा जमेल."

ओव्हन उघडला, तर आपोआप सुटलं होतं ते फक्त बटर. त्या तळ्यात क्रोसाँ दगडासारखे बसले होते. बायकोनं कॅमेरा बंद केला आणि माझ्या हातात पिशवी दिली. शेवटी दाखवायचे क्रोसाँ नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणायचे होते.

"जरा वाकडेतिकडे बघून आण. घरचे वाटले पाहिजेत."

नवऱ्याला जमतं ते एवढंच.

बेकरीवाल्यानं मला बघताच काउंटरखालून खोका काढला. "वहिनींचं शूटिंग ना? वाकडे बाजूला काढून ठेवलेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं पाकीट काढलं, तर त्यानं हातच जोडले.

"वहिनींकडून कसले पैसे घ्यायचे? त्यांचा व्हिडिओ आला की अख्खी गल्ली सकाळी घरी क्रोसाँ करून बघते आणि संध्याकाळी मुकाट्यानं माझ्याकडे रांग लावते."

खोक्याला दोरा बांधता बांधता तो म्हणाला, "तेवढं पुढच्या वेळी पाव शिकवायला सांगा त्यांना. हल्ली पाव फारसा खपत नाही."