गंगाजळाचा गडू

अरबी मुलखातल्या सलालाहच्या हँगरात लष्कराच्या जुन्या विमानाला नवा जन्म मिळत होता. "भावोजी, वणवे विझवणारं विमान करायचंय, पुण्याचं काम आहे," म्हणत मेव्हण्याने भिकाजीला चिपळूणहून बोलावून घेतलं. भिकाजीने जीव ओतून पाण्याची टाकी जोडली. ती भरल्यावर तो आईने दिलेला गंगाजळाचा गडू घेऊन विमानावर चढला. चार थेंब टाकायला टाकीचं झाकण उघडताच रॉकेलसारखा भपकारा आला. पाणी कुठलं, इंधन होतं! वाकून पाहिलं, त्यानेच उतरवलेले बाँबचे हुक पंखांखाली परत बसले होते. "केसाने गळा कापलास रे!" तो ओरडला. "भावोजी, विमान लढाईसाठी विकलंय. लांब जायचं, म्हणून जादा इंधन. सांगितलं असतं तर आला असतात?" मेव्हणा खालूनच म्हणाला. "खलास, झाका आता." भिकाजीने उतरून गडू त्याच्या हातात दिला. "विमानाबरोबर पाठव. तिथे मरणाऱ्यांच्या तोंडात घालायला लागेल."